झेलांची उसळ

तुर्की दुकानात काल काबुली चण्यांची पिशवी उचलली आणि एप्रिल लागल्याचं माझ्या ध्यानात आलं. तसं कॅलेंडर सांगत होतंच. चौकात पांढऱ्या शतावरीच्या भाजीची टपरी लागली होती, समोरच्या बाल्कनीतल्या आजोबांनी खुर्च्या पुसून बाहेर मांडल्या होत्या. पण माझा एप्रिल चण्यांनी लागतो. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं तर तो म्हणेल, "तुझं काहीतरीच." म्हणून सांगत नाही. तो वरच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये असतो, मी खाली चणे डब्यात ओतते, आणि तो आवाज ऐकला की मला आई आठवतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

तेव्हाही आम्ही इथेच, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्येच होतो. दोन हजार सालानंतरची ती पहिली पाच-सहा वर्षं. मोटारींच्या कारखान्याचं हे गाव. एके काळी इथे पैसा इतका, की रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टेसुद्धा संगमरवराचे. नवी नवी आले तेव्हा त्या पट्ट्यांचे फोटो काढून मी पुण्याला पाठवले होते. मग रोज त्यांच्यावरून जायला लागले आणि पलीकडे ओळखीचं कोणीच नसायचं. मंदारला हॅम्बर्गच्या प्रोजेक्टवर टाकलेलं. सोमवारी जायचा, शुक्रवारी यायचा, आणि यायचा तो झोपायलाच. माझा व्हिसा नवऱ्यामागून आलेल्या बायकोचा, त्याच्यावर नोकरीची परवानगी नाही. पुण्यात मी बँकेत काउंटरला होते. दिवसभर माणसं, माणसं, नको व्हायचं. इथे बेकरीतल्या बाईने "आणखी काही?" एवढं विचारलं तरी तिचा हात धरावासा वाटे. जर्मनचा क्लास आठवड्यातून दोनदा, बाकी वेळ मी आणि भिंती. एकटं वाटायचं. सरळ सांगते, भयंकर एकटं वाटायचं.

अशात माझ्या गळ्यात एक संघ पडला. बेसबॉलचा!

मंदारच्या ऑफिसात डेल नावाचा एक अमेरिकन होता. सैन्यात असताना इकडे आला, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि राहून गेला. दर दोन वाक्यांमागे "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचा, तेही इंग्रजी बोलताना. त्याने ऑफिसातल्या मित्रांची फँटसी लीग काढली होती. म्हणजे असं, की अमेरिकेतले खरे खेळाडू आपण इथे बसून आपापसांत वाटून घ्यायचे. ते तिकडे खऱ्या मॅचमध्ये जे दिवे लावतील त्याचे गुण इकडे आपल्याला. कॉम्प्युटरवरचा भातुकलीचा खेळ. मंदारने हौसेने नाव दिलं, संघाचं नाव ठेवलं 'मिसळ', आणि हॅम्बर्गचं ठरल्यावर म्हणाला, "मृणाल, तू चालव ना. तुला क्रिकेट कळतं."

क्रिकेट कळत होतं, तीच तर पंचाईत झाली.

वाटणीच्या दिवशी डेलच्या घरी बटाट्याचं सॅलड खात सगळे बसले होते. एकेकाने पाळीपाळीने खेळाडू उचलायचा. बाकीचे अभ्यास करून आलेले, मी नुसती सॅलड खाऊन. कोणीतरी कॉम्प्युटरवर एक छोटीशी क्लिप दाखवत होतं: एक लांबलचक माणूस, आपल्याकडे पाठ करून मैदानाच्या पार मागे धावतोय, धावतोय, समोर भिंत आली तरी थांबत नाही; भिंतीवर पाय रोवून वर जातो आणि पलीकडे चाललेला चेंडू काढून आणतो. आमच्या घरी वडील शतकापेक्षा झेलाचं कौतुक जास्त करायचे. माझी पाळी आली आणि मी म्हटलं, "हा!"

डेल म्हणाला, "नक्की?"

"नक्की. अशा झेलाचे गुण किती?"

"शून्य," डेल म्हणाला. "आपल्या लीगमध्ये गुण फक्त बॅटीचे."

आता बोला! आणि बॅट म्हणाल तर या गृहस्थाची बॅट वाऱ्याशी भांडायची. तीन वेळा चेंडू हुकला की तिकडे बाद देतात, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. आमचा गडी त्यात सगळ्यांच्या पुढे. वेबसाइटवर दर खेळाडूखाली येत्या दिवसांचं भाकीत असायचं, स्थळं सुचवणाऱ्या बायका बोलतात तसलं. झेलात उत्तम आहे हो, पण. स्वभावाने मेहनती, पण. संघाला बरा फलंदाज मिळेपर्यंत याची जागा आहे, पुढचं सांगता येत नाही. धावांची आशा धरून घेऊ नये. मी ते वाचायचे आणि मला त्या न पाहिलेल्या माणसाचा कळवळा यायचा.

आई आल्या एप्रिलच्या मध्यावर, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सासरे गेल्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. नाशिकचं घर बंद करून त्या आल्या होत्या. विमानतळावर मला प्रथम दिसली ती त्यांची पर्स, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. नंतर कळलं, तिच्यात नाशिकच्या घराची किल्ली होती. शेजारणीकडे दुसरी होतीच, तरी ही त्यांनी सोबत आणली. कधी कधी सोफ्यावर बसून पर्स उघडायच्या, आत बघायच्या, बंद करायच्या. मी काही विचारलं नाही. आमचं तेवढं नव्हतं. लग्नानंतर दोन दिवाळ्या आणि एक गणपती, एवढाच आमचा सहवास. त्या "जेवलीस का" म्हणायच्या, मी "हो आई" म्हणायची. दोन बाया एका घरात आणि घड्याळाची टिकटिक ऐकू यायची.

घरात त्यांचं मन एकाच गोष्टीत रमलं. इथे जिने झाडायची पाळी असते, केअरवोखे म्हणतात; ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी येऊन लटकते. मी त्या पाटीला घाबरायचे. आई तिची वाट बघायच्या. "यात केर शब्द आपलाच आहे गं," म्हणत पदर खोचून तळमजल्यापर्यंत जिना असा पुसायच्या, की खालच्या आजीबाई दार उघडून बघत राहायच्या. पुढच्या आठवड्यात पाटी शेजाऱ्यांच्या दारावर गेली की यांचा चेहरा उतरायचा.

"त्यांना नीट जमत नाही," म्हणायच्या. "कोपरे सोडतात."

मॅचेस तिकडे संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे झोपेत. सकाळी उठून चहा घेतला की मी कॉम्प्युटर लावायची. एक दिवस आई कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. "हे काय वाचतेस रोज?" मी सांगायला लागले. म्हटलं कंटाळतील, तर खुर्ची ओढून बसल्या. वाटणीचा किस्सा ऐकून पहिल्यांदा हसल्या. मी त्यांना ती भिंतीवरची क्लिप दाखवली, टपालाच्या तिकिटाएवढी. चष्मा वर करून त्यांनी ती पाहिली, पुन्हा लावायला सांगितली.

"आणि याचे गुण नाहीत?"

"नाहीत, आई."

"म्हणजे याने तो चेंडू पकडला नसता, तर समोरच्यांना धावा मिळाल्या असत्या. आणि पकडला म्हणून याला काहीच नाही?"

"नियम आहे त्यांचा."

"मेल्यांचा नियम!" आई म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या. दुसऱ्या दिवशी चहाआधीच कॉम्प्युटरपाशी हजर. "लांबूने काय केलं काल?" लांबू हे नाव त्यांनीच ठेवलं. खरं नाव त्यांच्या तोंडात बसेना.

तर लांबूचे झेल शोधायचे कसे, हा प्रश्न आला. त्याच्या नावापुढे पाहावं तर नुसती हुकलेल्या चेंडूंची रांग. झेल सापडायचे दुसऱ्यांच्या नावांपुढे. मॅचचा चेंडूवार वृत्तान्त यायचा, त्यात समोरच्या संघातला अमुक बाद, चेंडू मध्यात उंच उडाला, झेल. तो झेल आमच्या लांबूचा. म्हणजे त्याने काय केलं हे कळायला बाकी सगळ्यांचं काय फसलं ते वाचत बसायचं. मी वाचायची, आई ऐकायच्या. आणि दर झेलाला त्या शेजारच्या वाटीत एक काबुली चणा टाकायच्या. देवळात प्रदक्षिणा मोजताना चणे घ्यायची त्यांची सवय. टण्ण! स्टीलच्या वाटीत तो आवाज झाला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

शनिवारी ते चणे भिजायचे आणि रविवारी त्यांची उसळ व्हायची. आठवडाभराचे झेल ते किती असणार! दोघींच्याच काय, एकीच्याही पोटाला पुरायचे नाहीत. म्हणून आई बटाटा घालायच्या. चांगला आठवडा असला की बटाटा कमी, वाईट असला की नुसता बटाटाच. मंदार ताटात चमचा फिरवून विचारायचा, "आई, यात चणे कुठेत?" आई शांतपणे म्हणायच्या, "पाऊस होता रे तिकडे. मॅचच झाली नाही." तो माझ्याकडे बघायचा, मी भाताकडे. एकदा लांबूच्या खांद्याला दुखापत झाली, तर आईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन कॉम्प्युटरवरून दृष्ट काढली. मिरच्या मात्र घेतल्या नाहीत. खालच्या आजीबाई पोलिसांना बोलावतील म्हणाल्या.

त्या वर्षीचा मे आणि जून मला वासासकट आठवतो. शतावरी सोलताना हाताला येणारा हिरवा वास, धुतलेल्या जिन्याचा, फोडणीचा. रात्री दहापर्यंत न मावळणारा उजेड. आईंना त्याचा राग यायचा, दिवा लावायची वेळच होत नाही म्हणून. त्या येण्याआधीही तो उजेड असाच असणार. मला तो आधी दिसला नव्हता, कारण संध्याकाळी सहालाच मी पडदे ओढून घ्यायची. आई होत्या म्हणून पडदे उघडे राहिले. एवढंच झालं त्या सीझनमध्ये, दुसरं काही नाही. आमचा 'मिसळ' संघ पहिल्या आठवड्यापासून तळाला होता आणि तळालाच राहिला.

जूनमध्ये डेलचा फोन आला. बिचारा चांगल्या मनाने सांगत होता. एक नवा फलंदाज मोकळा आहे, ठोकतोय नुसता, घेऊन टाक. जागा करायला त्या लांबूला काढ. "तो तुझा संघ बुडवतोय, मृणाल." खरंच होतं ते. मी कॉम्प्युटर उघडला. लांबूच्या नावापुढे काढायचं बटण होतं, ते दाबलं की 'खात्री आहे का' असं विचारायचे. माझा हात तिथे असताना आईंचा आवाज आला.

"त्याला विचारलंस?"

"कोणाला?"

"लांबूला. कुठे खेळायचंय, कोणाकडे राहायचंय, ते."

मला हसू आलं. "आई, अहो तो आपला आहे हे त्याला माहीतसुद्धा नाही." आणि मी मागे वळून पाहिलं तर त्या हसत नव्हत्या. पर्स त्यांच्या मांडीवर होती, उघडी. मी बटण दाबलं नाही. डेलला कळवलं, नको. तो म्हणाला, "आल्झो गुट," तुझी मर्जी.

आई का हसल्या नाहीत, ते मला ठाऊक होतं. दर रविवारी पुण्याहून भाऊजींचा, मंदारच्या मोठ्या भावाचा फोन यायचा. मंदार तो स्पीकरवर टाकायचा, आणि दोघे भाऊ आईंचं काय करायचं ते बोलायचे. नाशिकचा फ्लॅट विकायचा. सहा महिने पुण्याला. उन्हाळ्यात तीन महिने जर्मनी, व्हिसा तेवढाच मिळतो. उरलेल्या तीन महिन्यांचं बघू. वाईट नव्हते हो दोघे. आईला एकटं कसं ठेवायचं, या काळजीनेच बोलत होते. आई स्वयंपाकघरात असायच्या आणि सगळं ऐकू जायचं. येऊन त्या कधी काही बोलल्या नाहीत. भाऊजी म्हणायचे, "आईचं काय, ती कुठेही ॲडजस्ट होते." मंदार जर्मनमध्ये हो हो करायचा, "या, या. गेनाऊ."

त्यानंतरच्या रविवारी गाडी फ्लॅटच्या गिऱ्हाइकापर्यंत आली. भाऊजींना चांगलं गिऱ्हाईक मिळालं होतं, सही करायला आईंचा होकार तेवढा हवा होता. मंदार म्हणाला, "ती काय नाही म्हणतेय!" मी ताटं मांडत होते. लग्न झाल्यापासून त्या दोघांच्या बोलण्यात मी कधी पडले नव्हते.

"आईंना विचारलंत का?" मी म्हटलं.

"काय?" मंदार.

"त्यांना कुठे राहायचंय ते."

आई ओल्या हातांनी दारात आल्या. हात पुसले, फोनपासून दोन हात लांबच उभ्या राहिल्या आणि जरा मोठ्याने, पुण्यापर्यंत जावं म्हणून, म्हणाल्या, "मला माझ्या घरी राहायचंय."

"एकटी?" भाऊजी म्हणाले.

"तिथे मी एकटी नसते. तिथे मला माहितीये कुठे काय आहे ते."

मग बराच वेळ बोलणं झालं. रात्री उठून पडलीस तर, दुखलंखुपलं तर, लोक काय म्हणतील. आई प्रत्येकाला एकच सांगत होत्या, की शेजारी आहेत, डॉक्टर खाली आहे, आणि घर माझं आहे. शेवटी भाऊजी म्हणाले, "आई, तू आधी का नाही बोललीस?" "तुम्ही दोघं बोलत होतात ना," आई म्हणाल्या. त्या दिवशी उसळीत चणे जास्त होते. योगायोग. लांबूचा आठवडा चांगला गेला होता.

जुलैत त्या गेल्या. विमानतळावर मला जवळ घेतलं, पहिल्यांदाच. "तू बोललीस," एवढंच म्हणाल्या. मी हसून हात हलवला आणि एस-बानमध्ये, इथल्या लोकलमध्ये, बसल्यावर मला कळलं, मी काय करून बसले होते. या देशातलं माझं एकुलतं एक माणूस मी आपल्या हाताने घरी पाठवलं होतं. त्यांना हवं ते मिळालं याचा आनंद होता, खोटं कशाला बोलू! पण घरी येऊन दार उघडलं, तर ओट्यावर पालथी घातलेली वाटी. मी ती सरळ केली आणि सहा वाजता पडदे ओढून घेतले.

तरी सकाळी नाशिकला फोन करायची. त्यांच्याकडे तेव्हा जेवायची वेळ झालेली असायची. मी झेल वाचायची, त्या तिकडे चणे टाकायच्या. टण्ण ऐकू यायचं, किंचित उशिरा. बोलणं थोडंच. आज दूध नासलं, आज कुलूप कडक झालंय, तेल घातलं. कुलपाबद्दलसुद्धा असं बोलायच्या, की मला त्यांचा हेवा वाटायचा.

ऑगस्ट संपताना एका सकाळी लांबूच्या नावाखालचं भाकीत बदललेलं दिसलं. संघाने त्याला मोकळं केलं होतं. नवा फलंदाज मिळाला होता. दुसऱ्या कोणाची विचारणा नाही. खेळाडू आपल्या गावी परतला आहे. बस्स. मी किती तरी वेळ ते वाचत बसले. मग नाशिक लावलं.

"आई, लांबूला काढलं."

मागे त्यांच्या स्वयंपाकघरातला पंखा ऐकू येत होता.

"आता कुठे आहे तो?"

"गावी गेला म्हणे. घरी."

"मग बरंय," आई म्हणाल्या. "घरी गेला ना. दार उघडून आत गेला की बरं वाटेल त्याला. थोडे दिवस हात शिवशिवतील, मग सवय होते."

मला वाटलं आता ठेवतील. पण त्या थांबल्या होत्या. तशाच, कप घेऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या तशा.

"मृणाल," त्या म्हणाल्या, "आणि तुला गं? तुला कोणी विचारलं का, कुठे राहायचंय ते?"

खिडकीखाली कारखान्याची शिफ्ट सुटली होती, माणसं संगमरवरी पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होती. पुण्यातला काउंटर माझ्या डोळ्यांपुढे आला, मंदारची सोमवारची बॅग आली. आई वाट बघत होत्या.

पुढे त्या दहा वर्षं जगल्या, त्याच घरात, आणि तिथेच गेल्या. परत कधी त्यांनी हे विचारलं नाही. दुसऱ्या कोणीही नाही. काल चणे डब्यात ओतताना वरून मंदारचा आवाज येत होता, "या, या, गेनाऊ." मला त्या सकाळचं माझं उत्तर आठवलं.

"आई, दूध उतू जातंय," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. शेगडीवर दूध ठेवलेलंच नव्हतं.